सिगरेट सुटली, हळद लागली

प्लास्टिक सर्जनच्या दवाखान्यात नोकरी करते असं सांगितलं की लोक आधी माझं नाक बघायचे. मग गाल, मग हनुवटी. बाई एवढी वर्षं तिथे आहे म्हणजे फुकटात काहीतरी करून घेतलंच असणार, अशी त्यांची खात्री. मी काहीच करून घेतलेलं नाही. नाक माझ्या वडिलांचं आहे, चांगलं बसकं, आणि ते जसंच्या तसं घेऊन मी गेल्या वर्षी निवृत्त झाले.

ठाण्यात आमचा दवाखाना. डॉक्टर शर्वरी मॅडम सर्जन आणि मी, रत्ना सिस्टर, त्यांची जुनी नर्स. बाहेरच्यांना वाटतं की आमच्याकडे नट्यांची रांग लागलेली असते. माझ्या अख्ख्या नोकरीत एकच नटी आली, तीही भाजलेला हात घेऊन. बाकी आमचे पेशंट म्हणजे कारखान्यात भाजलेले, बाइकवरून घसरलेले, फाटक्या ओठाची तान्ही बाळं, आणि मग पोट, हनुवटी, पापण्या घेऊन येणारे. या शेवटच्यांना आम्ही नर्सेस आपसात ‘हौसेचे’ म्हणायचो. मॅडमना तो शब्द खपायचा नाही. “रत्ना, हौस म्हणून कोणी सुरीखाली झोपत नाही गं,” म्हणायच्या. मला ते पटायला बराच काळ जावा लागला.

ऑपरेशनआधी पेशंटची तयारी करून घेणं हे माझं काम. त्यातलं सगळ्यात अवघड म्हणजे तंबाखू सोडायला लावणं. वॉर्डबॉय मला मागून ‘धूरवाली सिस्टर’ म्हणायचे, मला माहीत होतं.

सिगरेटचा आणि पोटाच्या कातडीचा काय संबंध, असं पेशंट हमखास विचारायचे. मी त्यांना शीळफाटा सांगायची, ठाणे-कल्याणकडचा तो कायम तुंबलेला नाका. आमच्या भागातल्या माणसाला शीळफाटा सांगितला की पुढचं आपोआप कळतं. “कापलेली कातडी परत जुळायची तर तिला रक्त पोचायला हवं. ते नेणाऱ्या वाटा केसापेक्षा बारीक. तंबाखू पोटात गेली की त्या आकसतात. म्हणजे शीळफाट्याला ट्रॅफिक जाम. मोठ्या रस्त्यावरच्यांचं कसंबसं भागतं, पण गल्लीतल्या शेवटच्या घराला पाण्याचा टँकर पोचतच नाही. टाक्यांची कड म्हणजे ते शेवटचं घर. ते काळं पडतं.” म्हणून नियम असा, की ऑपरेशनआधी महिनाभर आणि नंतर महिनाभर तंबाखू बंद. शंका आली तर लघवीची एक तपासणी असते, तीत कळतं.

लोक ऐकायचे, मान डोलवायचे, आणि मग पळवाटा शोधायचे. डोंबिवलीच्या एका साडीच्या दुकानाच्या मालकीणबाई पोट कमी करायला आलेल्या. सिगरेट नाही, दारू नाही, सगळं कसं स्वच्छ. तपासणीत मात्र तंबाखू निघाली. बाई संतापल्या. “अहो, मी मशेरी लावते! मशेरीला काय कोणी सिगरेट म्हणतं का?” एक कॉलेजकुमार नाक सरळ करायला आलेला. त्याच्या खिशात पेनासारखं, वाफ ओढायचं काहीतरी होतं, त्याला स्ट्रॉबेरीचा वास. “आंटी, हे तर फ्रूटचं आहे,” म्हणाला. आणि एक साहेब होते, त्यांनी मानेची कातडी ताणून घेतली. शपथेवर सांगितलं की सोडली, मॅडमनी विश्वास ठेवला. तेव्हा आमच्याकडे तपासणी नव्हती. त्यांच्या कानामागची जखम काळी पडली आणि ती भरून यायला पावसाळा उलटला. रोज ड्रेसिंग मी करायची. ते गृहस्थ आरशात बघायचे नाहीत, माझ्याकडे तर नाहीच नाही. त्यानंतर मी फार चिवट झाले.

पण मला सांगायचंय ते हरेशबद्दल.

हरेश आला तो महाशिवरात्र झाल्यावर. तिशी ओलांडलेला, उंच, खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. घरची होडी अजून पाण्यात होती, पण पोट चालायचं ते टेम्पोवर. बर्फ आणि मासळी कल्याण-डोंबिवलीच्या हॉटेलांना पोचवायचा. ऐन उकाड्यात त्याने आत बनियन, वर टी-शर्ट, त्यावर जाड शर्ट घातलेला. मॅडमनी तपासलं. मुलांच्या छातीत वयात येताना कधीकधी गाठ वाढते आणि ती उतरतच नाही. छाती बायकांसारखी दिसते. दुखत नाही, खुपत नाही, जिवाला धोका नाही. ऑपरेशन करून काढता येतं. मॅडमनी हे सगळं त्याला समजावलं आणि माझ्याकडे पाठवून दिलं, कारण हा दिवसभर सिगरेटी फुंकणारा.

“बसा,” म्हटलं.

बसला. डावा हात छातीवर आडवा, उजव्याचं कोपर त्यावर टेकवलेलं, दोन बोटं ओठांपाशी. बोटांत सिगरेट नव्हती, एवढाच फरक.

मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. “पहिली सिगरेट कुठे ओढलीत?”

“चुलतभावाच्या हळदीला.”

“कोणी दिली?”

त्याने ओठांपाशीची बोटं खाली घेतली. मग म्हणाला, “कोणी नाय दिली. मीच मागितली.”

मग त्याने सांगितलं. त्यांच्यात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. अख्खं गाव नाचतं. पोरं शर्ट काढून भिरकावतात. हा तेव्हा शाळा संपवून बाहेर पडलेला. मित्र याचाही शर्ट ओढायला लागले. कोपऱ्यात मोठी पोरं सिगरेटी ओढत उभी होती, हा सटकून त्यांच्यात जाऊन उभा राहिला.

“हातात पेटलेली सिगरेट असली ना सिस्टर, की कोणी अंगाशी येत नाय. चटका लागेल म्हणून. आणि असा हात ठेवून उभं राहिलं,” त्याने तो आडवा हात दाखवला, “तर कोणाला वाटत पण नाय की हा काय लपवतोय. वाटतं, ऐटीत उभा हाय.”

एवढ्या वर्षांत मी लोकांना विचारलं होतं की सिगरेट का ओढता. टेन्शन, पोट साफ होत नाही, जेवणानंतर बरं वाटतं, अशी उत्तरं पाठ झालेली. छाती झाकायला सिगरेट ओढणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

“मग आता अचानक ऑपरेशन का?”

तेव्हा तो पहिल्यांदा हसला. लग्न ठरत होतं. आईने किती वर्षांत किती मुली दाखवल्या, याने प्रत्येकीत खोट काढली. खरी गोष्ट वेगळीच. हळदीला नवऱ्याला चौरंगावर उघडं बसवतात, कमरेला फक्त टॉवेल. सगळं गाव येऊन अंगाला हळद लावतं, वरून व्हिडिओवाला दिवा मारतो. या चौरंगापायी तो लग्नालाच नाही म्हणत आलेला. पण एकदा कल्याणच्या एका शाळेत कबड्डीच्या स्पर्धेला बर्फ पोचवायला गेला, आणि तिथे मुलींना शिकवणारी दर्शना भेटली. एका मुलीचा घोटा मुरगळलेला, हिने याच्या हातातून बर्फाची लादी घेतली, जमिनीवर आपटून फोडली आणि याला म्हणाली, “बघत काय उभा, रुमाल दे!” झालं. आता याला नाही म्हणायचं नव्हतं.

तारीख वैशाखातली धरली होती. हिशोब सोपा होता. महिनाभर सिगरेट बंद, मग ऑपरेशन, मग छातीला घट्ट पट्ट्याचं जाकीट घालून महिना-दीड महिना, आणि वैशाखात चौरंग.

“सोडणार?”

“सोडली समजा.”

असं म्हणणारे सगळ्यात आधी घसरतात. पण मी एवढंच म्हटलं, “हात कुठे ठेवायचा त्याचा आधी विचार करा. सिगरेट गेली की तुमचे हात मोकळे पडणार, आणि तुम्हाला मोकळे हातच नको आहेत.”

तोड त्याची त्यानेच काढली. संध्याकाळी धक्क्यावर मित्रांबरोबर उभं राहायची त्याची सवय. तिथे तो फाटकं जाळं घेऊन बसायला लागला. जाळ्याची भोकं भरायची तर दोन्ही हात लागतात आणि सगळा पसारा छातीसमोर असतो. लोकांना वाटलं, लग्न ठरल्यावर पोरगं सुधारलं. फोनवर सांगायचा, “सिस्टर, आमच्या घरातली जाळी संपली. आता शेजाऱ्यांची घेतो.” मी डोंबिवलीला माझ्या घरी भाजी निवडत हसत बसायची.

आणि मग साखरपुडा झाला.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी तपासणीला आला तेव्हा माझ्याकडे बघेना. आमच्या कामात हे ओळखता येतं. तपासणीत तंबाखू निघाली. मॅडमनी त्याला समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं, “हरेश, या आठवड्यात मी ऑपरेशन करणार नाही. कातडी काळी पडली तर मला ती परत आणता येणार नाही.”

“एक दिवस ओढली मॅडम. एकच दिवस!”

“किती ओढल्या त्या दिवशी?”

“पाकीट.”

झालं होतं असं. साखरपुड्याला फोटो काढताना शाळेतल्या जयेशने मागून येऊन त्याला मिठी मारली, दोन्ही हात छातीवर दाबून, आणि कानात काहीतरी बोलला. शाळेतला जुना विनोद. जयेशला वाटलं, दोस्तीतली मस्करी. हरेश मांडवाबाहेर गेला तो पाकीट संपेपर्यंत आत आला नाही.

आता गणित बिघडलं. पुन्हा महिनाभर थांबून ऑपरेशन केलं तर लग्नात अंगावर जाकीट. चौरंगावर उघडं बसायचा प्रश्नच नाही. मॅडमच्या खोलीतून तो तरातरा बाहेर आला आणि मला म्हणाला, “मोडतो मी लग्न. सांगून टाकतो, मला करायचं नाय.”

“अरे, ती पोरगी काय म्हणेल?” मी अहोजाहो विसरले होते.

“तिला माहीतच नाय.”

“मग सांग की तिला!”

“ती हसेल, सिस्टर.”

“हसली तर मग मोड लग्न. मी स्वतः येते मोडायला.”

तो निघून गेला. खरं सांगते, मला वाटलं संपलं. नाही म्हणणं हे मॅडमच्या कामातलं सगळ्यात नावडतं काम, आणि ते त्या कधी चुकवायच्या नाहीत.

त्या आठवड्यातच एका दुपारी दवाखान्याचं दार धाडकन उघडलं. ट्रॅक पँट, गळ्यात शिट्टी, उन्हाने रापलेली एक मुलगी, आणि मागे मान खाली घातलेला हरेश.

“रत्ना सिस्टर कोण?”

“मी.”

“मी दर्शना. ह्याने मला सगळं सांगितलं. मी हसले.”

मी खुर्चीवरून उठलेच. हरेश मात्र मागे चक्क ओठ दाबून हसत होता.

“का हसले माहितीये का सिस्टर? हा माणूस पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर असा हात बांधून उभा. मला वाटलेलं, बर्फाच्या धंद्यात असतो, ह्याला कायम थंडी वाजत असेल! मी ह्याच्यासाठी स्वेटर घेऊन ठेवलाय!” मग ती खुर्चीत बसली आणि आवाज जरा खाली आला. “मला काही फरक पडत नाही. ते मी त्याला सांगितलं. पण त्याला पडतो ना. मग करायचं. कधी करायचं ते बोला.”

मी तिला तारखांचा घोळ सांगितला. तिने एक क्षण विचार केला.

“लग्न पुढे ढकलते. मी सांगेन घरी, की माझ्या पोरींची जिल्ह्याची स्पर्धा आहे, उन्हाळ्यात सराव घ्यायचाय. तुळशीचं लग्न झालं की बघू. एवढं काय त्यात?”

एवढं काय त्यात! दोन्ही गावांत बोंब झाली. पोरीला नवऱ्यापेक्षा कबड्डी प्यारी, अशी पोरगी घरात येऊन काय उजेड पाडणार, हरेशच्या आत्याने तर दुसरं स्थळ बघायला घेतलं. दर्शना सगळं अंगावर घेत राहिली. वरून हरेशला दम, की तू तोंड उघडायचं नाहीस.

त्याने उघडलं. एका संध्याकाळी आत्या ओसरीवर बसून दर्शनाचा उद्धार करत होती. हरेशने हातातलं जाळं बाजूला ठेवलं, आईला आत बोलावलं, दार लावलं आणि तिच्यासमोर शर्ट काढला. पुढे मला म्हणाला, “सिस्टर, त्यापेक्षा ऑपरेशन बिनभुलीचं परवडलं असतं.”

दुसऱ्या दिवशी त्याची आई आमच्याकडे हजर. हिराताई. डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकायच्या. चापूनचोपून नेसलेलं लुगडं, केसांत अबोली, हातात ओल्या कोळंबीची पिशवी. आमची थंडगार, अत्तराचा वास सोडलेली वेटिंग रूम दोन मिनिटांत खाडीवर गेली. पापण्यांसाठी आलेल्या एक बाई रुमाल नाकाला लावून उठल्या. हिराताईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थेट मॅडमच्या खोलीत गेल्या आणि उभ्या राहून विचारलं, “डॉक्टरीण बाय, मी पोराला काय चुकीचं खायला घातलं का गो?”

मॅडम खुर्चीवरून उठल्या. त्यांना बसवलं. म्हणाल्या, “नाही हो ताई. तुमच्या खाण्यामुळे नाही, कशामुळेच नाही. पुष्कळ मुलांना होतं. काहींचं आपोआप जातं, काहींचं राहतं.”

हिराताई ऐकत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. “हा शर्ट घालून पोहायचा. लहानपणापासून. घरात ओल्या शर्टाने यायचा आणि मी बडवायची. सर्दी होईल, न्यूमोनिया होईल, काढ तो शर्ट, म्हणून. इतकी वर्षं ओरडली मी त्या शर्टासाठी.” पदराने डोळे पुसले. “सांगायचं ना रे एकदा आईला.”

“आता सांगितलं ना,” मी म्हटलं.

त्या जायला उठल्या तेव्हा मी नियम पुन्हा समजावला, की महिनाभर तंबाखू बंद, हरेशवर लक्ष ठेवा. हिराताईंनी कमरेची छोटी डबी काढली. मशेरीची. तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि माझ्या टेबलावर ठेवून दिली. “मग मी पण सोडते. त्याला एकट्याला कशाला?”

पुढचा महिना त्या घराने कसा काढला ते ऐकून मी आणि मॅडम हसून हसून थकायचो. मायलेक दोघेही तिरसटलेले. आमटीत मीठ कमी म्हणून भांडण, जास्त म्हणून भांडण. हिराताई बाजारात गिऱ्हाइकांवर एवढ्या खेकसायच्या की जुन्या बायका लांबूनच विचारायच्या, “हिराबाई, आज मूड कसा आहे? येऊ का?” आत्या वैतागून लेकीकडे राहायला गेली. घराने सुटकेचा निःश्वास सोडला. धक्क्यावर आता मायलेक दोघे जाळी घेऊन बसायचे आणि एकमेकांच्या गाठींना नावं ठेवायचे. एकदा जयेश येऊन बसला, सिगरेट पेटवली. हिराताईंनी त्याच्या तोंडातली काढून खाडीत फेकली. हरेशने तेव्हाच त्याला साखरपुड्याचं सांगून टाकलं, की तू जे केलंस ते मला लागलं. जयेशने रिकामी बोटं पँटला पुसली. मग म्हणाला, “मला वाटायचं तू पण हसतोस.” दुसऱ्या दिवसापासून तोही जाळं घेऊन यायला लागला. त्याला गाठ येत नव्हती, पण येऊन बसायचा.

तपासणी स्वच्छ आली. मी तो कागद घेऊन अक्षरशः धावत मॅडमकडे गेले, आणि मॅडमनी, ज्या कधी आवाज चढवत नाहीत, टेबलावर थाप मारून “वा!” म्हटलं.

ऑपरेशन सरळ झालं. काखेजवळून चरबी ओढून काढायची, स्तनाग्राच्या खालच्या कडेला बारीक छेद घेऊन गाठ काढायची. सांगायला दोन वाक्यं, करायला दोन तास. संध्याकाळी तो घरी गेला. पण माझा जीव टांगणीला होता, कारण कड काळी पडायची ती पुढच्या दिवसांत. प्रत्येक ड्रेसिंगला मी पट्टी उचलताना श्वास धरायची. कड गुलाबी. परत गुलाबी. त्या रंगासारखा सुंदर रंग नाही, आमच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा.

जाकीट कायमचं निघालं त्या दिवशी मी त्याला आरशासमोर उभं केलं. तो समोरून बघत राहिला, मग बाजूने. छाती सपाट, दोन फिक्या रेघा, त्याही कोणी दाखवल्या तरच दिसणाऱ्या. त्याचा डावा हात सवयीने वर आला, अर्ध्यावर थांबला, खाली गेला. मग उजवा.

“सिस्टर,” तो म्हणाला, “आता हातांचं काय करायचं?”

“टाळी दे,” मी म्हटलं. त्याने इतकी जोरात दिली की माझी बांगडी वाढली.

तुळशीचं लग्न झालं आणि आमंत्रण आलं. मॅडम, मी आणि माझे मिस्टर असे तिघे गेलो. आमच्याकडे लग्न म्हणजे बुद्धवंदना, पांढरी साडी, हार, जेवण, दुपारी घरी. माझं स्वतःचं लग्न कल्याणच्या चाळीसमोरच्या पटांगणात इतक्या चटकन लागलं की माझी मावशी रिक्षा मिळेना म्हणून उशिरा आली आणि थेट पंगतीला बसली. त्यामुळे कोळीवाड्याची हळद बघून मी थक्क झाले. खाडीकडून वारा येतोय, ऊन उतरलंय, बँजो वाजतोय, आजीपासून नातवापर्यंत सगळे नाचतायत.

हरेशने घरात लपवाछपवी ठेवली नव्हती, त्यामुळे आम्ही कोण ते सगळ्यांना ठाऊक. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकले आणि ओपीडी सुरू झाली. एका आजीला दागिन्यांनी फाटलेली कानाची पाळी शिवून हवी. एका काकांना टकलावर केस. लेकीकडून परतलेल्या आत्याला हनुवटी. मी प्रत्येकाला तेच सांगत होते, “होईल, होईल. आधी तंबाखू सोडा.” मॅडम शेजारी बसून सरबत पीत होत्या आणि ‘माझी सुट्टी आहे’ असा चेहरा करत होत्या. मिस्टर म्हणाले, “तुला रिटायर होऊ देणार नाहीत हे लोक.”

मग हरेशला आणलं. कमरेला पांढरा टॉवेल, बाकी उघडा. जयेशने त्याला चौरंगावर बसवलं आणि स्वतः फोन धरून समोर उभा राहिला. फोनवर दर्शना होती, तिच्या गावी तिच्या हळदीत बसलेली, तोंड आधीच पिवळं. तिने तिकडून अशी शिट्टी फुंकली की बँजोवाला थांबला.

लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण पुढे सरली आणि तिने सुरुवात केली. पहिली हळद आईची. हिराताईंनी वाटीत बोटं बुडवली. पायांना लावली, गुडघ्यांना लावली, मग हातांना, मग कपाळाला. आणि थांबल्या. गाण्यात पुढे छातीची ओळ होती. त्यांचा हात हवेत तसाच राहिला. धवलारणीने त्यांच्याकडे बघितलं आणि मागची ओळ पुन्हा घेतली. मग परत एकदा घेतली.

हरेशने आईचा हात धरला आणि आपल्या छातीवर ठेवला.

हिराताई तिथून हात काढेनात. हळद बोटांमधून ओघळून खाली टॉवेलवर उतरली. मॅडमनी सरबताचा ग्लास खाली ठेवला. मी मिस्टरांचा दंड धरून उभी होते, कधी उठले मलाच कळलं नाही.

मग हिराताईंनी बोटांनी फासळ्या चाचपल्या, एक, दुसरी, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा बाजारातल्या आवाजात म्हणाल्या, “आई गो! हाडं लागतात रे पोरा! किती वाळलायस! लग्न झालं की दोन घास जास्त खा!”

आधी फोनमधून दर्शनाचं हसू ऐकू आलं. मग जयेश, मग धवलारीण, मग मॅडम, आणि मग सगळा मांडवच हसायला लागला, आणि चौरंगावर हरेश दोन्ही हात वर करून इतका हसत होता की आईला पुढची हळद त्याला लावता येईना.